अनुभव धागा: ॲनिमेशनपटांतली चेटकीण गेली कुठे?

१९३७च्या 'स्नो व्हाइट'मध्ये सावत्र आई, १९५०च्या 'सिंड्रेला'त पुन्हा सावत्र आई, १९५९च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त बारशाचं बोलावणं न आल्यानं चिडलेली दुष्ट परी. संकट बाहेरून यायचं आणि राजपुत्र आला की टळायचं. २०१३च्या 'फ्रोझन'मध्ये मात्र एल्सा धाकट्या बहिणीला ठणकावते की आजच भेटलेल्या माणसाशी लग्न करायचं नाही. गेल्या काही वर्षांतल्या कितीतरी चित्रपटांत तर चेटकीणच नाही. अडचण घरातच असते, आणि ती जीव लावणाऱ्या माणसांमुळेच असते. राजकन्येच्या हाती तलवार आली, त्यापेक्षा मला हा बदल मोठा वाटतो. अशा एखाद्या चित्रपटामुळे तुमच्या घरी कुठला विषय निघाला? सविस्तर लिहा.

चाफेकळी
नातीबरोबर 'एन्कांतो' (२०२१) बघितला. कोलंबियातल्या डोंगराळ गावातलं एकत्र कुटुंब, जवळजवळ प्रत्येकाला काही अद्भुत देणगी, आणि घर चालवणारी आजी. नायिका मिराबेलची मोठी बहीण लुइसा गाढवं खांद्यावर टाकून नेते. कुणाला नदी वळवून हवी असेल तर हाक लुइसालाच. गाण्यात ती म्हणते, कुणाच्या उपयोगी पडले नाही तर माझी किंमत काय?

मी भावंडांत थोरली. आई अंथरुणाला खिळली आणि परकर-पोलक्याच्या वयात चूल माझ्याकडे आली. पहाटे पाणी भरायचं, मग धाकट्यांच्या वेण्या, भाकऱ्या, धुणं. 'आमची थोरली म्हणजे घराचा खांब' असं पाहुण्यांपुढे सांगितलं जायचं आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा. पण त्या खांबाला 'जरा बस' असं कुणी म्हटलं नाही. चित्रपट संपल्यावर नातीनं विचारलं, "आजी, तुला कंटाळा नाही का यायचा?" हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलेला नव्हता. मग तिला सगळं सांगितलं, शाळा सुटली ते सुद्धा.

त्या सिनेमातल्या आजीलाही मी नावं ठेवणार नाही. नवरा मारला गेलाय, पदरात तीन तान्ही बाळं. अशी बाई घर मुठीत धरूनच ठेवणार.

घरबाबा
'इन्क्रेडिबल्स' म्हणजे अचाट शक्ती असलेलं कुटुंब. पहिल्या भागात (२००४) बाबा चोरून कामगिरीवर जातो. दुसऱ्या भागात (२०१८) आई कामावर आणि बाबा घरी. मुलाचं नव्या पद्धतीचं गणित समजून घ्यायला तो रात्री पुस्तक उघडून बसतो. लेक झाल्यावर मी नोकरी सोडली, तेव्हा 'मग दिवसभर करतोस काय?' हे फार ऐकलं. घरी राहणंही काम आहे हे पडद्यावर दिसलं, बरं वाटलं.

टोरांटोची मोगरी
'टर्निंग रेड' (२०२२) इथलाच, टोरांटोचा. पिक्सारचा एकट्या स्त्रीनं दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. आई भारतातून आली होती, तिन्ही पिढ्या एका सोफ्यावर. चित्रपटातली मेई तेरा वर्षांची. तिची आई सॅनिटरी पॅडचा खोका घेऊन थेट वर्गाच्या खिडकीशी उभी राहते. लेकीनं उशीत तोंड लपवलं. माझी आई गंभीर होती. गावाकडे तिला कावळा शिवला की वेगळं घोंगडं, वेगळं ताट, आणि कापड वाळत घालायचं तेही दुसऱ्या कपड्याखाली. ती एवढंच म्हणाली, "हातात धरून आली की गं तिची आई." मग लेकीनं तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. इथल्या काही पालकांना हा विषय मुलांच्या चित्रपटात नको होता. माझ्या घरी तो याच चित्रपटामुळे निघाला.

मस्कतकर
आम्ही लहानपणी 'अलादिन' (१९९२) पारायणं केल्यासारखा बघितला. सुरुवातीच्या गाण्यात, चेहरा आवडला नाही तर इथे कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतल्या अरब संघटनेनं हरकत घेतली आणि १९९३च्या व्हिडिओत ती बदलली. त्या मुलखाला रानटी म्हणणारी पुढची ओळ तशीच ठेवली. शेजारच्या ओमानी काकूंच्या घरी वाढलेल्या मला ते आजही खुपतं.

डिचोलीकर
धागाकर्तीशी थोडा मतभेद. जपानी चित्रपटांतून चेटकीण आधीच गेली होती. हायाओ मियाझाकींच्या 'प्रिन्सेस मोनोनोके'त (१९९७) लेडी इबोशी जंगल तोडते, वनदेवावर बंदूक रोखते. पण तीच कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायकांना भट्टीवर काम देते, कुष्ठरोग्यांच्या जखमा स्वतः धुते. तिला दुष्ट कसं म्हणायचं? आमच्याकडे गोव्यात २०१२मध्ये खाणी थांबल्या, नंतर २०१८मध्ये पुन्हा. एका काकांचा ट्रक दारात उभा राहिला, दुसऱ्या काकांच्या शेतात खाणीचा लाल चिखल आधीच साचलेला. चतुर्थीला दोघे एकाच पंगतीला. हा चित्रपट मी दोघांनाही दाखवला. भांडण मिटलं नाही, पण 'तुझंही खरं' हे शब्द पहिल्यांदा ऐकले.

धागाकर्ती
डिचोलीकर, मतभेद मान्य. 'कोको' (२०१७) कुणी घरच्यांबरोबर बघितलाय का? त्यात नायकाचे खापरपणजोबा गाण्यापायी घर सोडून गेले म्हणून पिढ्यानपिढ्या घरात संगीताला बंदी. आमच्याकडे तमाशाच्या फडात गेलेल्या चुलत आजोबांचं नाव कुणी घेत नसे. अशी घरं आणखीही असतील, त्यांच्याबद्दल वाचायचंय.