अनुवादित, अनूदित की अनुदित?

प्रश्न : मी प्रागमध्ये राहते. चेक सेंटर्स या चेक सरकारी सांस्कृतिक संस्थेच्या पुढाकाराने २००६पासून येथे ‘नोत्स लितेरातुरी’, म्हणजे शब्दशः ‘साहित्याची रात्र’, साजरी होते. समकालीन युरोपीय पुस्तकांच्या चेक अनुवादांतील उतारे नट-नट्या वाचून दाखवतात, एरवी जेथे साहित्याचा कार्यक्रम होणार नाही अशा जागा त्यासाठी मुद्दाम निवडतात, आणि श्रोते एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे पायी जात राहतात. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी यावर लेख लिहिला. त्यात मी ‘अनुवादित साहित्य’ असे लिहिले होते, परंतु छापून आले ते ‘अनुदित साहित्य’. हे शुद्ध आहे का?

उत्तर : नाही, आणि ही चूक केवळ ऱ्हस्व-दीर्घाची नाही. ‘वद्’ धातूचे कर्मणी भूतकाळवाचक रूप ‘उदित’ असे होते. त्याच्या आधी ‘अनु’ आला की दोन उकारांचा संधी होऊन ‘अनूदित’ सिद्ध होते. शब्द तत्सम असल्यामुळे मराठीतही तो ‘नू’ दीर्घच राहतो. ‘अनुदित’ हा मात्र नकारार्थी शब्द आहे : जे उगवले नाही ते, किंवा जे बोलले गेले नाही ते. त्या रात्री जे साहित्य मोठ्याने वाचले गेले, त्यालाच आपल्या अंकाने ‘न बोललेले’ ठरवले! मुद्रितशोधकाने बहुधा ‘अनुवादित’ला अशुद्ध समजून सुधारणा केली असावी. वास्तविक तशी काही गरज नव्हती, कारण ‘अनुवाद’ या नामाला ‘इत’ लागून ‘अनुवादित’ होते, जसे ‘भाषांतर’पासून ‘भाषांतरित’. ‘अनूदित’ व्याकरणाला जवळचा असला तरी तो एका मात्रेवर तोललेला शब्द आहे, म्हणून मी स्वतः ‘अनुवादित’च लिहितो.

प्रश्न : मग सरळ ‘भाषांतरित’ का म्हणू नये? ललित साहित्याचा तो अनुवाद आणि कागदपत्रांचे ते भाषांतर, असा भेद मला शिकवला गेला होता.

उत्तर : हा भेद अलीकडच्या वापराने रूढ केला आहे, व्युत्पत्तीत तो नाही. ‘भाषांतर’ म्हणजे दुसरी भाषा, जसे ‘देशांतर’ म्हणजे दुसरा देश. त्यात कनिष्ठ असे काही नाही. ‘अनुवाद’चा मूळ अर्थ मागाहून बोलणे, आधी सांगितलेले पुन्हा सांगणे असा आहे, आणि न्याय आणि मीमांसा या दर्शनांत तो त्याच अर्थाने येतो, तेथे भाषा बदलण्याचा संबंधच नाही. पेशवाईच्या दप्तरातला भाषांतरासाठीचा ‘तर्जुमा’ हा शब्द आपण विसरलो, ही मला खरी हानी वाटते. आपल्या लेखासाठी एक गंमत सांगतो. अनुवादासाठी चेक भाषेत असलेल्या ‘प्रशेक्लाट’ या शब्दात पलीकडे नेऊन ठेवण्याची कल्पना आहे, जर्मनमध्ये अनुवाद करणे या अर्थाचे ‘यूबरझेत्सन’ हे क्रियापद आघात बदलून उच्चारले की नावेने पैलतीरी नेणे असा अर्थ होतो, तर हंगेरियन ‘फोर्दीताश’ हा वळवणे, उलटवणे या क्रियेवरून आलेला आहे आणि हिंदीत अनुवादालाच म्हणतात त्या ‘उल्था’चा सख्खा भाऊ शोभतो. आपण मात्र पुस्तक मराठीत ‘आणतो’ किंवा ‘उतरवतो’. नाव त्यांची, उतार आपला.

प्रश्न : लेखाचे शीर्षक ‘युरोपीय साहित्याचे समकालीन अनुवाद’ असे होते. ते तरी बरोबर आहे ना?

उत्तर : व्याकरणाने बरोबर आहे, परंतु अर्थ सरकला आहे. या शीर्षकानुसार अनुवाद आजचे ठरतात, मूळ साहित्य तीनशे वर्षांपूर्वीचेही असू शकते. आपल्याला अभिप्रेत आहे ते ‘समकालीन युरोपीय साहित्याचे अनुवाद’. त्यातही ‘समकालीन’ हा शब्द मुळात कोणाचा तरी समकालीन अशी षष्ठीची अपेक्षा ठेवतो. शिवाजी महाराज तुकारामांचे समकालीन, असे आपण म्हणतो. नुसते ‘समकालीन’ म्हणजे ‘आपल्या काळातले’ हा अर्थ इंग्रजीच्या वळणाने आला, आता तो इतका मुरला आहे की त्याच्याशी भांडणे व्यर्थ आहे. ‘आजचे’ चालत असेल तर तेच लिहावे. मराठीत युरोपीय पुस्तके बहुधा इंग्रजीवरून येतात, तेव्हा ‘मूळ पोलिश, इंग्रजीवरून मराठी’ असे स्पष्ट छापणे मला अत्यावश्यक वाटते. प्रागमध्ये पोलिश कादंबरी थेट चेकमध्ये आलेली आपण ऐकली असेल, तर त्या वाक्यात ‘-वरून’ न लिहिता ‘पोलिशमधून’ लिहा. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देताना हेही सुधारून घेता येईल.