दोन लिप्यांना एकच कीबोर्ड पुरतो की

कुणीतरी म्हणत होतं की आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पोरांना मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग शिकवायचं म्हणजे डबल ओझं, त्यापेक्षा इंग्रजीच शिकवा. ओझ्याचं मला पटलं नाही. इनस्क्रिप्ट लेआउट, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या बटणावर याची मांडणी, सगळ्या भारतीय लिप्यांना जवळपास सारखाच आहे, 1991 पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) स्टँडर्ड आहे ते, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि विंडोज असो नायतर लिनक्स, आधीपासून आत असतंच, काही डाउनलोड करायला नको. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका मराठी शाळेत सुट्टीत मी पोरांना शिकवतो, तिथं 'खानापूर' हे नाव आधी मराठीत टाईप करायला लावलं, मग भाषा बदलून तेच कन्नडमध्ये, तर बोटं त्याच बटणांवर, फक्त मराठीत 'पू' दीर्घ म्हणून टी आणि कन्नडमध्ये 'पु' ऱ्हस्व म्हणून जी, एवढाच फरक! पोरं नुसती ओरडायला लागली. मराठीत नसलेला कन्नडमधला ऱ्हस्व ए मात्र वेगळा दाखवावा लागतो, तो झेडवर.

आता अडचण नाहीच असं नाही, मोबाईलवर रोमनमध्ये लिहायची सवय लागलेल्या मोठ्या पोरांना हे सुरुवातीला जाम कंटाळवाणं वाटतं, म्हणून पाचवी-सहावीतच घ्यावं. आणि कर्नाटकात सरकारी कामाला नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतं, त्याचा कगप (कन्नड गणक परिषद) लेआउट वेगळा, पण ते नोकरीच्या वेळी बघतील की, आत्तापासून कशाला डोक्याला ताप.