मदत हवी आहे: ४ कोटी अंकांची मूळ संख्या, पण ४ पासून सुरुवात का?

नमस्कार मंडळी, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी! शेवटचे दोन अंक ५१ येतात हे वहीवर काढता येतं, कारण २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर २० घातांनी परत तेच येतात, म्हणजे २१ व्या घाताचे (२०९७१५२) बघायचे, ५२, त्यातून १ वजा.

माझं अडलंय ते लुकास-लेहमर टेस्टमध्ये, म्हणजे २ चा घात वजा १ अशी संख्या मूळ आहे का ते तपासायच्या पद्धतीत. ४ घ्यायचे, वर्ग करून २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, परत तेच. ३१ साठी करून बघितलं, ४, १४, ८, ० आणि शेवटी शून्य म्हणून ३१ मूळ. २०४७ ला शून्य येत नाही कारण ती २३ गुणिले ८९. कृती समजली हो, किती सुंदर आहे! पण ४ च का, आणि वजा २ कुठून येतात? २ + √३ चा काहीतरी संबंध आहे म्हणतात, तिथेच गाडी अडते. बारावीच्या गणितावर कळेल असं कोणी पायरी पायरीने सांगेल का प्लीज?