काळ्या दगडाचं प्रत्येक देऊळ हेमाडपंतीच असतं का?

मुक्कामपोस्ट:
मंडळी एक शंका आहे. आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाबाहेर बोर्ड लागलाय 'प्राचीन हेमाडपंती मंदिर'. आजी मात्र सांगायची की पांडवांनी एका रात्रीत बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून कळस बांधायचा राहिला. परवा अंबरनाथला गेलो तर रिक्षावालाही हेमाडपंतीच म्हणाला. म्हणजे काळा दगड दिसला, चुना दिसला नाही की हेमाडपंती, असंच ना? ओळखायचं कसं?

दगडफूल:
पांडव सोडा, अंबरनाथशी हेमाडपंताचाही काही संबंध नाही. तिथल्या शिलालेखात शक ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजा मम्वाणीच्या वेळचं. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, देवगिरीच्या महादेवराय आणि रामचंद्रराय यादवांच्या पदरी, म्हणजे १२६० च्या पुढचा माणूस. दोनशे वर्षं आधीचं देऊळ तो कसं बांधेल?
बोर्ड वाचूच नका, शिखर बघा. अंबरनाथचं अर्धंमुर्धंच उरलंय त्यामुळे नीट कळत नाही, सिन्नरचा गोंदेश्वर बघा. चारही बाजूंना मधोमध एकेक नक्षीची पट्टी थेट वरपर्यंत चढत जाते, तिला लता म्हणतात, आणि दोन पट्ट्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक, माळेत मणी ओवल्यासारख्या. ही भूमिज शैली. माळव्यात परमार राजांनी हीच वापरली, विदिशाजवळ उदयपूरचं उदयेश्वर मंदिर बघितलंत तर गोंदेश्वराचा थोरला भाऊच वाटेल.

नाशिककर_७२:
दगडफूल, शैलीचं मान्य, पण हेमाडपंती शब्द एवढा टाकाऊ पण नाहीये हो. लोक तो शिखरासाठी वापरतच नाहीत, बांधणीसाठी वापरतात. घडीव दगड, एकाला खाच दुसऱ्याला कुसू, मधे चुना नाही, सगळं वजनावर बसलेलं. मंडपाचं छत बघा ना, कमान नाहीच, तुळयांच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवत ठेवत भोक लहान करत नेलंय आणि शेवटी मधे एक कमळ कोरलेली शिळा. हे तंत्र हेमाडपंताच्या आधीपासूनचं आहे हे खरं, त्याने शोधलेलं नाही, पण गावाने नाव दिलं ते दिलं. मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा त्याच्याच नावावर टाकलीय लोकांनी 😄

दगडफूल:
नावाला हरकत नाही हो, बोर्डावर त्या नावाने तेरावं शतक ठोकून देतात त्याला आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही लोक हेमाडपंती म्हणतात, आणि तिथे सिंघण यादवाचा लेख आहे १२१३-१४ चा, तोही हेमाद्रीच्या आधीचाच.

पायवाट:
अंबरनाथला गाभाऱ्यात उतरलात की नाही? बहुतेक देवळांत चढून जायचं असतं, इथे मंडपातून पायऱ्या उतरून खाली पिंडीपाशी जायचं आणि वर बघितलं की आभाळ. मी पावसाळ्यात गेलो होतो, बाहेर वालधुनी नदीचा वास येत होता, आत मात्र एकदम गार.
@मुक्कामपोस्ट तुमच्या देवळाचा फोटो टाका. आणि आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, आहेत का बघा, शेंदूर फासून मारुती केलेला असतो बऱ्याचदा.

मुक्कामपोस्ट:
फोटो नेट आलं की टाकतो. आज सकाळी नीट बघून आलो. खालच्या भिंती आणि खांब घडीव दगडाचे, सांध्यात नखही जात नाही. पण शिखर विटांचं निघालं, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर गेल्या वर्षीचा ऑइलपेंट, केशरी.

नाशिककर_७२:
मग वरचं नंतरचं हो, मराठेशाहीत जीर्णोद्धार करताना असं पुष्कळ ठिकाणी केलंय. खालचं जुनं. तो ऑइलपेंट खांबांवर येऊ देऊ नका तेवढं, नक्षी बुजते.

मुक्कामपोस्ट:
दोन खांबांवर आलाय ऑलरेडी 😞 आणि मारुतीच्या पायाशी चंद्र-सूर्य कोरलेत, तो वीरगळच ना?