एपीत ५ म्हणजे पहिला कोर्स माफ?

एपी म्हणजे अमेरिकेतल्या शाळांमधले कॉलेजपातळीचे कोर्स; त्यांच्या परीक्षेत सर्वात वरचा गुण ५. तो मिळाला की कॉलेजचा त्या विषयाचा पहिला कोर्स डोळे झाकून सोडावा, असं म्हटलं जातं, पण ते मला सरसकट पटत नाही. विषय बघायला हवा. एपीत कॅल्क्युलसचे दोन कोर्स असतात, एबी आणि बीसी. एबी म्हणजे ढोबळमानाने कॉलेजचं एक सेमिस्टर, बीसी म्हणजे दोन. पण बीसीच्या अभ्यासक्रमात एक गोष्ट नसते: वर्गमुळाखाली १ वजा क्ष वर्ग आलं की क्षच्या जागी साइन थीटा घालून इंटिग्रल सोडवणं. कॉलेजात ते सहसा कॅल्क २ मध्ये, म्हणजे कॅल्क्युलसच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये होतं. ते सेमिस्टर गाळून थेट मल्टिव्हेरिएबलला (अनेक चलांच्या कॅल्क्युलसला) बसलेला मुलगा नेमका तिथेच अडतो, आणि प्राध्यापक ते येतंय असं धरूनच चालतात. फिजिक्समध्ये तर नावावर जाऊच नका. फिजिक्स १ नुसत्या बीजगणितावर चालतं, इंजिनिअरिंगवाल्यांना उपयोग कॅल्क्युलसवर चालणाऱ्या फिजिक्स सीचा.

वेगही वेगळा. शाळेत वर्षभर चालणारं एबी कॉलेजात एका सेमिस्टरमध्ये उरकतात, आणि गृहपाठासाठी मागे लागणारं कोणी नसतं (आईवडील फोनवरून लागतात, ते सोडा).

माझं म्हणणं एवढंच की क्रेडिट घेण्याआधी (म्हणजे एपीच्या गुणांवर तो कोर्स माफ करून घेण्याआधी) त्या कॉलेजच्या त्याच कोर्सची जुनी फायनल परीक्षा मिळवा आणि मुलाला घड्याळ लावून सोडवायला बसवा. बऱ्यापैकी सुटली तर खुशाल पुढे जा.