सहारात मगरी तगल्या, मग वाशिष्ठीतल्या हलवायच्या कशाला?

काठावरचा:
2024 च्या पावसात वाशिष्ठी नदीकाठच्या चिपळुणात भर रस्त्यावर मगर चालतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. तेव्हापासून एकच मागणी कानावर येते, सगळ्या पकडा आणि लांब नेऊन सोडा. माझा याला ठाम विरोध आहे.

सहाराच्या कडेला, मॉरिटानियात, पश्चिम आफ्रिकी मगरी आजही आहेत. तिथून त्या संपल्या असंच धरलं होतं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सापडल्या. वर्षातले कित्येक महिने तिथे थेंब पडत नाही. मगरी डोंगरपायथ्याचे डोह, कपारी, काठातली बिळं धरून पडून राहतात, खाणं जवळपास बंद. पाऊस झाला की कोरडे ओढे वाहतात आणि त्यांतून त्या दुसऱ्या पाणथळीत जातात. पाणी किती यापेक्षा वाईट महिन्यांत दडायला जागा आणि पावसात जायला वाट, यावर सगळं अवलंबून. चाडमधल्या आर्शेई घळीत ती वाटच तुटली, तिथे मोजक्याच उरल्यात. अल्जीरियाच्या तासिली पठारावर शेवटची मगर 1920 च्या दशकात मारली गेली.

आपल्याकडचीच जात इराणच्या रखरखीत बलुचिस्तानातही राहते. वाशिष्ठीला तर कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, बारमाही आहे. काठ शाबूत ठेवला तर इथे ती सहज राहील.

खेर्डीवाला:
नाही पटलं. बलुचिस्तान तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. तिथले लोक मगरीला पाण्याचा शकुन मानतात, मारत नाहीत. तरी दुष्काळात डोह आटले, माणूस आणि मगर एकाच पाणवठ्यावर आले आणि मुलांवर हल्ले झाले. 2019 मध्ये एका लहान मुलीचा हात गेला.
माझी आई अजून नदीवर गोधड्या धुते. शेवटच्या पायरीवर उतरत नाही, वरूनच दोरीने बादली ओढते, आणि नजर सारखी पलीकडच्या दगडांवर. तिला मॉरिटानियाचं काय सांगू?

काठावरचा:
आईंची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण मगरी हलवून भीती जात नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींवर उपग्रहाची यंत्रं बसवून त्यांना दूर सोडलं. 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यातली एक तर 400 किमीहून लांबून आपल्या नदीत परतली. शिवाय मगर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, कुणीही उठून पकडायची नाही.

गोवळकोट धक्का:
मला जास्त काळजी नदीतला गाळ काढण्याची आहे. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. पोकलेन नदीत उतरतात तेही उन्हाळ्यातच. बेट गेलं, उतरता काठ गेला, मग ऊन खायला मगर कुठे चढणार? गावच्याच बाजूला. रस्त्यावरची मगर आपण अशी तयार करतो.

बाजारपेठ चिपळूण:
22 जुलै 2021 ला आमच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. कापडाचे तागे चिखलासकट फावड्याने ओढून काढले. गाळ काढू नका असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मगरीच्या अंड्यांसाठी शहर बुडवायचं का?

गोवळकोट धक्का:
गाळ काढू नका असं मी म्हटलंच नाही. पूर आमच्याही घरात होता. पोकलेन उतरण्याआधी वनखात्याच्या माणसाने काठ चालून पाहावा, घरटं असेल तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडावा. बाकी नदी मोकळी करा.

बाजारपेठ चिपळूण:
पिल्लं निघेपर्यंत म्हणजे जून. जूनला पाऊस लागतो, मशीन नदीबाहेर. तो तुकडा वर्षभर तसाच राहतो आणि नेमका तोच पुलाजवळचा असला तर?

काठावरचा:
पुलाजवळचा असेल तर काढा, वाद नाही. वरच्या अंगाला, वस्ती नाही तिथली दोन-तीन बेटं कायमची राखा, एवढंच मागतोय.

खेर्डीवाला:
आधी घाटाला पाण्यात उतरणारं लोखंडी कुंपण घाला. बलुचिस्तानात हल्ल्यांनंतर पाणवठ्यांना जाळ्या लावायची वेळ आली, इथे हल्ल्याची वाट बघायची का? ते झालं की बेटं राखायच्या अर्जावर माझी सही घ्या, त्याआधी नाही.