'फॅमिली ट्री': निक ड्रेकची घडण समजण्यासाठी कितपत उपयोगी?

प्रश्न
इंग्रज गायक-गीतकार निक ड्रेक याचे 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (१९६९), 'ब्रायटर लेटर' (१९७१) आणि 'पिंक मून' (१९७२) हे तिन्ही अल्बम मी मनापासून ऐकले आहेत. १९७४ साली, अवघ्या २६व्या वर्षी तो गेला आणि २००७ मध्ये त्याची सुरुवातीची घरगुती ध्वनिमुद्रणे 'फॅमिली ट्री' या नावाने निघाली. त्यांतली बरीच गाणी इतरांची आहेत. त्याची जडणघडण यातून खरोखर उलगडते का?

प्रतिसाद १
उलगडते, पण सलग चढता आलेख मात्र सापडणार नाही. इंग्लंडमधील टॅनवर्थ-इन-आर्डन येथील त्याच्या घरी आणि १९६७ मध्ये फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथे केलेल्या या मुद्रणांत तो बर्ट जान्श, जॅक्सन सी. फ्रँक, बॉब डिलन या लोकसंगीताच्या वळणाच्या गायक-गीतकारांची गाणी गातो, तेव्हा गिटारवरचा हात तयार झालेला जाणवतो. गळा मात्र अजून मूळ गायकाच्याच वळणाने जातो.

प्रतिसाद २
माझ्या मते या अल्बमचा गाभा त्याच्या आईच्या, म्हणजे मॉली ड्रेक यांच्या, दोन गाण्यांत आहे. मॉली स्वतः रचलेली गाणी घरीच पियानोवर गात असत. 'वे टू ब्लू' हे गाणे पहिल्या अल्बममध्ये गिटारविना, रॉबर्ट कर्बी यांनी बांधलेल्या तंतुवाद्यांच्या साथीने येते. इथे निक तेच पियानोवर गातो, आणि ते आईच्या गाण्यांलगत ऐकले की त्यातला उदास स्वरमेळ कोणाकडून आला हे लगेच कानाला कळते. गिटारच्या तारा तो किती निराळ्या लावत असे, याचीच चर्चा आपल्याकडे फार होते आणि मॉली यांचे नाव उगाच मागे पडते. त्यांचा स्वतंत्र अल्बम २०१३ मध्ये आला आहे, तोही अवश्य ऐकावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण हे प्रकाशित करणे त्याला रुचले असते का?

प्रतिसाद २
त्याची बहीण, अभिनेत्री गॅब्रिएल ड्रेक, यांनाही तीच शंका होती. अल्बमसोबत त्यांनी दिवंगत भावाला उद्देशून पत्र लिहिले आहे आणि त्याने याला संमती दिली असती याची खात्री नसल्याचे त्यात मोकळेपणाने म्हटले आहे. त्यामुळे याला चौथा अल्बम मानून तिन्ही अल्बमांच्या पंगतीत बसवणे मला अन्यायाचे वाटते. 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' पुन्हा ऐकून लगेच हा लावावा, म्हणजे फरक नेमका कुठे पडला ते ऐकू येईल.